हरिहरच्या पायऱ्या कानाने वाचणाऱ्या वाचकासाठी

पत्र असं आहे:

‘मी ६३ वर्षांचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तरुणपणापासून गड फिरतो. भाच्याने वर्डप्रेसवर साइट करून दिली. तिच्यावर शंभराच्या वर गडांची माहिती आणि काही हजार फोटो आहेत. मला युनिकोड टायपिंग उशिरा जमलं, त्यामुळे सुरुवातीचे लेख डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून, त्यांची चित्रं बनवून चढवलेले आहेत. गेल्या महिन्यात एका वाचकाचा निरोप आला. “मला दिसत नाही. मी फोनकडून ऐकून वाचतो. मित्रांबरोबर हरिहरला जायचं ठरलंय, म्हणून तुमचं पान उघडलं. फोनने फक्त ‘इमेज, इमेज’ एवढंच सांगितलं.” तेव्हापासून मनाला चैन नाही. भाचा म्हणतो, एक तयार बटण विकत मिळतं, ते बसवलं की साइट सगळ्यांना वापरता येते. मला कोडिंग येत नाही. सगळं पाडून नव्याने बांधावं लागेल का? आणखी एक विचारायचं आहे, संकोच वाटतो. ज्याला दिसत नाही त्याला फोटोचं वर्णन ऐकवणं म्हणजे त्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणं नाही का? ता. क. फोटोंच्या कोपऱ्यात माझं नाव असतं. ते काढावं लागेल का? – वि. ज., सातारा’

वि. ज. काका, नमस्कार.

ज्या प्रश्नाचा संकोच वाटला, तोच आधी घेते. माझा एक मित्र विशीत असताना त्याची दृष्टी गेली. तो बँकेत नोकरी करतो आणि दर पावसाळ्यात आम्ही चार-पाच जण त्याच्यासोबत कुठे ना कुठे चढतो. एकदा सिंहगडाच्या कल्याण दरवाजात तो चौकटीच्या ओल्या दगडावरून हात फिरवत उभा होता. त्याने मला विचारलं, ‘इथून खाली काय दिसतंय?’ मी म्हटलं, ‘काही नाही रे, नुसतं धुकं आहे.’ तो म्हणाला, ‘मग धुकं कसं आहे ते सांग ना.’ तोपर्यंतच्या सगळ्या वाटेत मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं, त्याला वाईट वाटेल म्हणून. बाकीचे आपसात ‘अरे, ते बघ’ म्हणत होते आणि तो मधोमध असून एकटा पडला होता. त्या दिवसापासून मी दिसेल ते सांगत जाते, आणि नको असेल तेव्हा तो ‘पुरे’ म्हणतो. तुमच्या वाचकानेही हरिहरबद्दलच विचारलंय. त्याला सांगा, काका, भरभरून सांगा.

तुमचं हरिहरचं पान मी फोनवर टॉकबॅक लावून, डोळे मिटून ऐकलं. टॉकबॅक म्हणजे अँड्रॉइड फोनमधली, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारी सोय. आधी साइटचं नाव आलं, मग मेनूचे शब्द. पुढे ‘आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य एक सात…’ अशी फोटोंच्या फायलींची नावं एकामागून एक. तुमचा लेख सुरू होतो तिथे एकच शब्द ऐकू आला, ‘इमेज’. डोळे उघडून पाहिलं तर समोर तुमचा तीन पडद्यांचा मजकूर होता, पण चित्राच्या रूपात. चित्रातली अक्षरं डोळ्यांना दिसतात. फोनला तो फक्त रंगीत ठिपक्यांचा चौकोन असतो.

म्हणून पहिलं आणि सगळ्यांत मोठं काम हे, की मजकूर मजकूर म्हणून टाकायचा, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराची स्वतःची खूण असलेल्या पद्धतीत. जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच उचलून चिकटवलात तर चालणार नाही, कारण ते फॉन्ट अक्षरांचं फक्त सोंग आणत असत. कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी ‘डी’. टॉकबॅक तो ‘डी’च वाचणार. मूळ फायली जपून ठेवल्या असतील तर त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. फायली गेल्या असतील तर चित्र गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्राखाली त्यातला मजकूर अक्षरांत उतरून येतो. मराठीलाही ते बऱ्यापैकी जमतं.

बऱ्यापैकीच. त्यामुळे एकदा नजरेखालून घालावं लागेल, आणि गडांवर लिहिणाऱ्याने एक अक्षर खास तपासायला हवं, ते म्हणजे ‘ऱ्य’. रूपांतरात त्याचा हमखास रफार होतो. ‘पायऱ्या’चं ‘पायर्या’ होतं, ते ऐकताना नुसतं अडखळतं. पण ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं, तर तुमचा वाचक सह्याद्रीच्या माथ्यावर समुद्र ऐकेल. डोळ्याने वाचणारा असली चूक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो, कानाने वाचणाऱ्याला ती सोय कमी असते.

याच्या जोडीला दोन मिनिटांचं काम. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ उघडा आणि ‘साइट लँग्वेज’ मराठी करा. तुमची साइट आत्ता जगाला सांगतेय की मी इंग्रजी आहे. टॉकबॅकसारखं वाचक-सॉफ्टवेअर त्यावर विसंबून इंग्रजी आवाज लावतं, आणि मग मराठी एकतर विचित्र उच्चारांत येतं किंवा गाळलंच जातं. भाषा मराठी सांगितली की आवाजही मराठी निवडला जातो. शिवाय ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाचे दिसू लागतात. मला स्वतःला याचा फार आनंद झाला होता.

आता फोटो. वर्डप्रेसमध्ये फोटोवर क्लिक केलंत की बाजूला ‘ऑल्टरनेटिव्ह टेक्स्ट’ नावाचा रकाना दिसतो. त्यात लिहिलेलं पानावर दिसत नाही, पण टॉकबॅक ते वाचतं. फोटो उतरलाच नाही, तर त्याच्या जागी तेच शब्द दिसतात. पायथ्याच्या गावात रेंजची एकच काडी असताना तुमचं पान उघडणारा डोळस ट्रेकरही त्यावर वाट शोधेल.

त्या रकान्यात काय लिहायचं हे तुमच्याच पानावरचा एक फोटो घेऊन सांगते. पायऱ्यांच्या खालून वर बघत काढलेला आहे तो. पुष्कळ जण तिथे ‘हरिहर किल्ला फोटो’ असं लिहून मोकळे होतात. कानाने वाचणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही, कारण फोटो आहे हे फोनने आधीच सांगितलेलं असतं आणि पान हरिहरचं आहे हे त्याला ठाऊक असतं. मी असं लिहीन: ‘काळ्या कातळात खोदलेल्या, जवळजवळ शिडीसारख्या उभ्या पायऱ्या. हातांनी धरायला पायऱ्यांमध्ये खोबण्या कोरलेल्या आहेत. वर टोकाला छोटा दरवाजा.’ तीन वाक्यं. यातलं ‘हातांनी धरायला खोबण्या’ सगळ्यांत मोलाचं, कारण तुमचा वाचक तिथे पोचेल तेव्हा त्याचे हात नेमकं तेच शोधत असतील.

दुसरा फोटो दरवाजानंतरच्या वाटेचा. कड्याच्या पोटात कोरलेली ती अरुंद वाट, वर कातळाचं छत आणि एका बाजूला मोकळी दरी. फोटोखाली तुम्ही लिहिलंय, ‘हरिहरचं अद्भुत रूप!’ अद्भुत आहेच. पण छत इतकं खाली आहे की वाकूनच जावं लागतं, हे फक्त फोटोत दिसतं, मजकुरात कुठेही नाही. डोळस माणूस फोटो बघून मनात नोंद करतो. तुमच्या वाचकाला हे आधी कळलं नाही, तर त्याचं डोकं कातळाला आपटेल. फोटोतली गोष्ट शब्दांत यायला हवी ती यासाठी. इतकी महत्त्वाची गोष्ट तर मी ऑल्टच्या रकान्यात दडवूनही ठेवणार नाही, सरळ लेखातच लिहीन. सगळ्यांच्याच उपयोगाची आहे.

काही फोटोंना वर्णन लागत नाही. दोन परिच्छेदांच्या मध्ये तुम्ही भगव्या झेंड्यांची पट्टी टाकता, ती शोभेची आहे. तिचा रकाना मोकळा सोडा, म्हणजे वाचक-सॉफ्टवेअर तिच्यावरून न थांबता पुढे जाईल. एकाच बुरुजाचे सहा फोटो असतील तर पहिल्याचं नीट वर्णन करा, बाकीच्यांत जे वेगळं असेल तेवढंच. आणि एक खाचखळगा आधीच सांगून ठेवते, म्हणजे मेहनत वाया जाणार नाही. मीडिया लायब्ररीत जाऊन वर्णनं भरलीत तरी लेखांत आधी घातलेल्या फोटोंना ती आपोआप लागत नाहीत. प्रत्येक लेख उघडून, तिथल्या फोटोवर क्लिक करूनच वर्णन लिहावं लागतं. मी एकदा तीनशे फोटोंची वर्णनं लायब्ररीत भरून बसले होते, म्हणून कळकळीने सांगतेय.

मथळ्यांचं काम सोपं आहे. ‘कसे जाल’, ‘पाण्याची सोय’, ‘इतिहास’ ही उपशीर्षकं तुम्ही नुसती ठळक आणि मोठी केली आहेत. त्याऐवजी ‘हेडिंग’ हा ब्लॉक वापरा, पातळी दोन. डोळस माणूस पान सरकवत हवा तो भाग शोधतो. अंध वाचक एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारत जातो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हे वाचक-सॉफ्टवेअर वापरणारा त्यासाठी एचचं बटण दाबतो. मथळे खरे नसतील, तर पाण्याची सोय कळायला त्याला अख्खा इतिहास ऐकत बसावं लागतं. दुव्यांचंही तसंच. एनव्हीडीए पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी काढून देतं, आणि तुमच्या पहिल्या पानाच्या यादीत ‘अधिक वाचा’ हे शब्द वीस वेळा येतात. दुव्यावर गडाचं नाव असू द्या.

आता रंगांविषयी. इथे तुमचं मन दुखावण्याची मला भीती वाटते, कारण भगवा तुम्ही प्रेमाने निवडला आहे. भगवा राहू द्या, त्यावरची अक्षरं बदला. मजकुराचा रंग आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक मोजण्याचं एक माप आहे. वेबच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे साध्या मजकुरासाठी तो फरक किमान ४.५ पट हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३ पट. नेहमी वापरली जाणारी एक भगवी छटा घेऊन मी मोजून पाहिलं. तिच्यावर पिवळी अक्षरं टाकली, जशी तुमच्या मेनूत आहेत, तर फरक २ पटही भरत नाही. पांढरी टाकली तर २.१. काळी टाकली तर जवळजवळ ९.९. म्हणजे त्याच भगव्यावर काळी अक्षरं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबणीवर टाकलेल्या तुमच्या मित्रांनाही वाचता येतील आणि दुपारच्या उन्हात फोन बघणाऱ्यालाही. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख साइटींची पहिली पानं तपासते. २०२५ मध्ये त्यांपैकी सुमारे ७९ टक्के पानांवर फिक्या मजकुराची हीच चूक सापडली. रंग मोजायचं त्यांचं साधन फुकट आहे, भाच्याला सांगा.

गडांच्या यादीत सोप्याला हिरवा, मध्यमला पिवळा आणि अवघडला लाल ठिपका दिला आहे तुम्ही. लाल-हिरवा वेगळा न ओळखता येणारे लोक आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतात, आणि त्यांत पुरुष बरेच जास्त. अशा माणसाला अवघड गड सोपा वाटणं धोक्याचं आहे. ठिपक्याशेजारी ‘अवघड’ हा शब्द लिहा, एवढंच.

साइट उघडल्यावर वाजणारी तुतारी मात्र बंद करा. वाचक-सॉफ्टवेअरचा आवाज आणि तुतारी एकाच स्पीकरमधून येतात. तुतारी थांबवायचं बटण कुठे आहे हे ज्या आवाजाने सांगायचं, तो आवाजच तिच्याखाली दबतो. ज्याला ऐकायची असेल तो वाजवेल. व्हिडिओत तुम्ही बोलता ते खाली अक्षरांत द्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ते हवंच, आणि माथ्यावरच्या वाऱ्यात तुमचे निम्मे शब्द मलाही कळले नाहीत.

अक्षरं जरा मोठी, दोन ओळींत दीड पटीच्या वर अंतर, म्हणजे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकणार नाहीत. भाच्याने शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवून दिलंय, ते काढायला सांगा. इंग्रजीला ते शोभतं, देवनागरीची शिरोरेषा त्याने तुटते.

आता त्या बटणाविषयी. पैसे देऊ नका. कोपऱ्यात माणसाचं चिन्ह असलेलं ते बटण अक्षरं मोठी करतं, रंग उलटे करतं. हे सगळं लोकांच्या फोनमध्ये आधीच असतं, त्यांच्या सवयीप्रमाणे लावलेलं. तुमच्या चित्रातला मजकूर ते बटण अक्षरांत आणू शकत नाही, आणि हरिहरच्या वाटेवर डोकं वाकवायला सांगू शकत नाही. असं साधन कुठलीही साइट नियमांत बसवून देतं, हा दावा करणाऱ्या एका कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये कारवाई केली आणि तिला दहा लाख डॉलर भरावे लागले. भाच्याची मदत दुसरीकडे घ्या. वर्डप्रेसच्या थीमच्या, म्हणजे साइटीच्या तयार मांडण्यांच्या, यादीत ‘ॲक्सेसिबिलिटी रेडी’ असा गाळणीचा पर्याय आहे. त्यातली एखादी साधी थीम त्याने लावून दिली, तर तुमचं लेखन जसंच्या तसं राहतं आणि पाडापाडी करावी लागत नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर त्याने एनव्हीडीएही घालावं. ते फुकट आहे. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, कारण बाजारातली तशी सॉफ्टवेअर फार महाग होती. थीम लावून झाली की त्याने माउस बाजूला ठेवावा आणि नुसत्या टॅबच्या बटणाने तुमच्या संपर्काच्या फॉर्मपर्यंत पोचून बघावं. हात थरथरणाऱ्या माणसाला माउस धरता येत नाही, तो असाच फिरतो.

तुम्हीही एकदा टॉकबॅक लावून स्वतःचं पान ऐका. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’खाली ते सापडेल. चालू केल्यावर फोनची रीत बदलते. एकदा स्पर्श केला की फक्त वाचलं जातं, उघडायला दोनदा टिचकी मारावी लागते, पान सरकवायला दोन बोटं लागतात. पहिल्यांदा गोंधळायला होतं, म्हणून घरात कुणी असताना करा. बोट डावीकडून उजवीकडे सरकवत एकेक गोष्ट ऐकत जा आणि डोळे मिटलेले ठेवा. दहा मिनिटांत तुम्हाला माझ्या या पत्राहून जास्त कळेल.

एक सूचना साइटीच्या रचनेबाहेरची आहे, पण ती दिल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या वाचकांत गुडघे गेलेले, कुबड्या किंवा व्हीलचेअर वापरणारेही असणार. कुठल्या गडावर गाडी कुठपर्यंत जाते, पुढे पायऱ्या की उतार, कठडा आहे का, बसायला जागा कुठे, हे कुठल्याच साइटवर धड मिळत नाही. पन्हाळ्यावर गाडी थेट वर जाते, रायगडाला रोपवे आहे, हे माहीत असतं सगळ्यांना. पण गाडीतून उतरल्यावर पुढे काय, हे तुमच्यासारखा पायी फिरलेला माणूसच सांगू शकतो. प्रत्येक गडाच्या पानावर त्यासाठी एक मथळा ठेवा.

काही हजार फोटोंचा आकडा बघून घाबरू नका. आज फक्त हरिहरचं पान घ्या. मजकूर अक्षरांत आणा आणि तिथल्या फोटोंची वर्णनं लिहा. एक संध्याकाळ लागेल. उद्यापासून जे नवीन चढवाल ते नीट चढवा. जुन्यांपैकी ज्या पानांना जास्त लोक भेट देतात ती आधी घ्या, आठवड्याला दोन. आणि त्या वाचकाला आजच्या आजच निरोप धाडा, त्याची सहल ठरलेली आहे. पान होईपर्यंत थांबू नका. पायऱ्या, खोबण्या, वाकून जायची वाट, सगळं त्याला बोलून पाठवा, आवाजी निरोप चालेल. पान झालं की त्यालाच ऐकायला सांगा आणि कुठे अडकला ते विचारा.

तुमच्या ता. क.चं उत्तर: कोपऱ्यातलं नाव राहू द्या, त्याने कुणाचं अडत नाही. फक्त प्रत्येक वर्णनात ते पुन्हा लिहू नका, नाहीतर एका पानावर ते चाळीस वेळा ऐकावं लागेल. लेखाच्या शेवटी एकदा ‘सर्व फोटो’ म्हणून आपलं नाव अक्षरांत लिहा. आत्ता ते फक्त चित्रात आहे, त्यामुळे गड कुणी दाखवला हे तुमच्या त्या वाचकाला अजून कळलेलं नाही.